खर्ड्याचा विजय आणि कोठीतले सिंह

खर्ड्याची लढाई शिकवायची असली, की आमच्या वर्गाला उधाण येते. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा मोड केला, हे सांगताना माझाही आवाज चढतो. पण हैदराबादच्या कोठी भागातील जुनी रेसिडेन्सी पाहून आल्यापासून तो धडा मी तिथेच संपवीत नाही.

हरलेला निजाम आधारासाठी इंग्रजांकडे वळला आणि १७९८ साली त्याने तैनाती फौज पत्करली. हा तह जमवून आणणाऱ्या जेम्स कर्कपॅट्रिकने पुढे निजामाच्याच पैशाने हा वाडा उभारला. आराखडा सॅम्युएल रसेलचा. बांधकाम १८०३ च्या सुमारास सुरू झाले. उंच कोरिंथियन स्तंभ, वर त्रिकोणी माथा, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सिंह! ग्रीस-रोमच्या देवळांचा हा थाट. येणाऱ्याने पायरीशीच दबून जावे, असा.

गोष्ट सांगतात, की जागेचा भलामोठा नकाशा पाहून निजामाने नकार दिला. तोच नकाशा लहानशा कागदावर काढून आणताच होकार दिला. राज्ये अशीच जातात. कागद लहान दिसतो म्हणून!

आपण तरी निजामाला कोणत्या तोंडाने हसावे? १८०२ साली वसईस दुसऱ्या बाजीरावाने तीच फौज पत्करली. खर्ड्याचा गुलाल आठ वर्षेही टिकला नाही.

कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा हैदराबादच्या उमराव घराण्यातली. ती पडद्यात राही. तिला वाडा पाहता यावा म्हणून जनान्याच्या बागेत त्याची चिमुकली प्रतिकृती केली, असे म्हणतात. वाडा पुरा होण्याआधीच, १८०५ साली, कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. १८५७ च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर चाल केली. ती तोफांनी परतवली गेली.

जे तेव्हा साधले नाही, ते पुढे वह्या-पुस्तकांनी साधले. १९४९ साली येथे उस्मानिया विद्यापीठाचे मुलींचे महाविद्यालय आले. २०२२ मध्ये त्याचे महिला विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये त्याला चाकली ऐलम्माचे नाव मिळाले. ऐलम्मा परटाच्या घरची, देशमुखाशी आपल्या शेतासाठी झुंजलेली.

“गुरुजी, मग खर्ड्याला जिंकले कोण?” एका मुलीने विचारले.

“इंग्रज,” मी म्हणालो. मग तिला त्या सिंहांची आणि ऐलम्माची गोष्ट सांगितली.