कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या लेन्सवर ओरखडे का पडतात आणि ते कसे टाळावेत?

खिशात किंवा छोट्या पर्समध्ये मावणाऱ्या, लेन्स न बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला कॉम्पॅक्ट कॅमेरा म्हणतात. मोबाइलमुळे हे कॅमेरे मागे पडले होते. गेल्या काही वर्षांत मात्र सोशल मीडियावर जुन्या 'डिजिकॅम'च्या फोटोंची आवड वाढली आणि अनेक घरांच्या कपाटातून हे कॅमेरे पुन्हा बाहेर आले. तो सोबत नेताना पहिली काळजी घ्यावी लागते ती लेन्सची. या कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी बसवता येत नाही. ती खराब झाली तर बहुधा पूर्ण लेन्स युनिट बदलावे लागते आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळणेही कठीण असते.

ओरखडे नेमके कशाने पडतात?

खिशातली किल्ली हा खरा शत्रू, असा सर्वसाधारण समज आहे. पण कोणता पदार्थ कोणावर ओरखडा पाडेल, हे कठीणपणावर ठरते. तो मोजण्याच्या मोह्स मापपट्टीवर तालकाला 1 आणि हिऱ्याला 10 अंक आहेत. काच साधारण साडेपाचच्या आसपास येते, पितळ 3 ते 4 च्या दरम्यान. वाळूत भरपूर असणारे क्वार्ट्झ हे खनिज मात्र 7 वर आहे. म्हणजे पितळी किल्लीपेक्षा वाळूचा बारीक कण काचेला जास्त घातक. कोकणात किंवा गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर फिरून आल्यावर खिशाच्या तळाशी जी वाळू उरते, ती हीच. सह्याद्रीतल्या बेसॉल्ट खडकाच्या धुळीतही 6 च्या आसपास कठीणपणा असलेले फेल्डस्पार असते.

त्यातच लेन्सच्या काचेवर परावर्तन कमी करणारे कोटिंग असते. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. हे परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगचे पेटंट जर्मनीतील झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये घेतले. अशा कोटिंगच्या एका थराची जाडी साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग इतकीच असते. बरेच चरे आधी या थरावरच उठतात.

लेन्सवरचे झाकण पुरेसे आहे का?

बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे बंद केले की लेन्स आत जाते आणि दोन-तीन पातळ पाती तिच्यावर मिटतात. ही पाती बोटाचा स्पर्श आणि मोठा कचरा अडवतात, पण ती हवाबंद नसतात. फटीतून बारीक धूळ आत जाते. घट्ट जीन्सच्या खिशात दाब आला तर पाती वाकू शकतात किंवा अडकून अर्धवट उघडी राहतात. 1979 मध्ये आलेल्या ऑलिंपस एक्सए या फिल्म कॅमेऱ्यात योशिहिसा माइतानी यांनी पुढचा भाग झाकणारे जाड सरकते आवरण दिले होते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तसे भक्कम कवच नाही. म्हणून ते बाहेरून द्यावे लागते.

कॅमेरा सोबत नेताना

• कॅमेरा स्वतंत्र पाउचमध्ये ठेवावा. आतून मऊ अस्तर आणि बाहेरून थोडा कडक असा पाउच चांगला. त्यात सुटे पैसे, मेमरी कार्ड, चार्जर काही ठेवू नये.
• पाउच दर काही दिवसांनी उलटा करून झटकावा. आत वाळू साचली असेल तर मऊ अस्तरच सँडपेपरचे काम करते.
• लेन्स पूर्ण आत जाऊन पाती मिटल्याची खात्री करूनच कॅमेरा पाउचमध्ये घालावा.
• पॉवरचे बटण दाबले जाणार नाही असे पाहावे. बॅगेत कॅमेरा सुरू झाला तर लेन्स बाहेर येऊ पाहते आणि अडथळ्यामुळे तिची यंत्रणा बिघडू शकते.
• मनगटाचा पट्टा कायम लावावा. वाळूत पडलेला कॅमेरा लगेच सुरू किंवा बंद करू नये. आधी कण उडवून टाकावेत.
• फुजीफिल्म एक्स100 मालिकेसारख्या काही कॅमेऱ्यांवर अडॅप्टर लावून 49 मिलिमीटरचा संरक्षक फिल्टर बसवता येतो. ओरखडा पडलाच तर फिल्टर बदलता येतो. स्वस्त फिल्टरमुळे दिव्यांचे प्रतिबिंब फोटोत उमटू शकते, हा त्याचा तोटा.

पुसताना सर्वाधिक काळजी

कण नुसता लेन्सवर बसल्याने चरा पडत नाही. तो दाबून घासला की पडतो, आणि नेमके तेच पुसताना घडते. शर्टाचे टोक, ओढणी, रुमाल किंवा टिश्यू पेपर वापरू नये. क्रम असा ठेवावा: कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरने धूळ उडवावी, उरलेले कण मऊ ब्रशने काढावेत आणि त्यानंतरच स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. बोटाचा तेलकट डाग असेल तर लेन्स क्लीनरचा थेंब कापडावर घ्यावा, थेट लेन्सवर टाकू नये. डाग नसेल तर पुसूच नये.

ओरखडा पडलाच तर?

समोरच्या काचेवरचा एखादा बारीक चरा फोटोत रेघ म्हणून क्वचितच दिसतो, कारण तो फोकसच्या बाहेर असतो. मात्र सूर्य किंवा दिवा समोर असताना प्रकाश त्यावर विखुरतो आणि फोटो धुरकट दिसतो. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची पुढची काच लहान असल्याने तेवढाच चरा तिचा मोठा हिस्सा व्यापतो. अशा वेळी प्रकाश मागून किंवा बाजूने घ्यावा, लेन्सवर हाताची सावली धरावी. टूथपेस्टने चरा घालवण्याचा घरगुती उपाय टाळावा. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. त्यांनी चरा भरून निघत नाही, उलट आजूबाजूचे कोटिंगही निघते.