अनुदानाचा पैसा आणि शाळेचा उंबरठा

तापीच्या दक्षिणतीरीं पसरलेला खानदेशांतील शिंदखेडा तालुका हा मुख्यत्वें शेतकऱ्यांचा. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, म्हणजे 1863 च्या सुमारास, मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा वसूल करण्याचा प्रघात पडला व 1869 च्या लोकलफंडाच्या कायद्यानें त्यास पक्कें रूप आलें. या आण्यांतून रस्ते, विहिरी, धर्मशाळा आणि गांवोगांवच्या मराठी शाळा यांचा खर्च चाले. आणा घेतांना मामलेदार कचेरी कोणाची जात पाहत नसे. जात पाहिली जाई ती मागाहून, विहिरीच्या कांठावर आणि शाळेच्या उंबरठ्यावर. सर्वांच्या पैशानें उभें राहिलेलें दार कोणाला तरी बंद ठेवण्याचा अधिकार कोणास आहे काय, हा प्रश्न शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं जितका खरा, तितकाच तो इलाख्याच्या राजधानींतही खरा होता.

सरकारच्या दप्तरांत हा प्रश्न ठसठशीतपणें उमटला तो धारवाडास. 1856 सालीं तेथील सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यांत आला आणि त्याच्या वतीनें जूनमध्यें मुंबई सरकारकडे अर्ज गेला. सरकारनें दिलेलें उत्तर मोठें बोलकें आहे. केवळ न्याय पाहिला तर तो अर्जदाराच्याच बाजूस आहे, हें सरकारनें कबूल केलें. परंतु एका मुलाकरितां आग्रह धरल्यास बाकीचीं मुलें शाळा सोडतील व शाळाच निरुपयोगी होईल, असें म्हणून त्यास परत पाठविलें. न्याय मान्य, पण अंमल नाहीं, अशी ही तऱ्हा. सरकारी भिडस्तपणाचा याहून चोख नमुना सांपडणें कठीण!

प्रकरण एवढ्यावर मिटलें नाहीं. तें कलकत्त्यास व पुढें लंडनला गेलें. सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांस खुल्या असाव्यात, हें तत्त्व सोडतां येत नाहीं, असें कंपनीच्या संचालकांनीं 1858 च्या एप्रिलांत कळविलें. तेव्हां मुंबई सरकारनें दोन गोष्टी ठरविल्या. ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करतें, त्या सर्व प्रजाजनांस खुल्या. ज्या शाळांस सरकार कांहीं मदत देतें व बाकीचा भार लोक उचलतात, त्यांवर सक्ती करण्याचा मात्र सरकारचा विचार नव्हता. तथापि जातीच्या किंवा वंशाच्या कारणानें कोणास शिक्षण नाकारणाऱ्या शाळेची मदत बंद करण्याचा पूर्ण अधिकार सरकारनें आपल्या हातीं राखून ठेविला.

या दुसऱ्या कलमाकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. 1854 च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस अनुदान देण्याची पद्धति नुकतीच सुरू झाली होती, आणि चारच वर्षांत अनुदान व नागरिकांचे हक्क यांची सांगड कागदोपत्रीं घातली गेली. अमेरिकेंत केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या संस्थेनें वर्ण वा वंश पाहून भेद करूं नये, असा कायदा व्हावयास 1964 साल उजाडावें लागलें. पण राखून ठेवलेला अधिकार आणि वापरलेला अधिकार यांत अंतर असतें. 1882 च्या हंटर आयोगानेंही तत्त्व उचलून धरलें, परंतु त्याचा अंमल सावधगिरीनें करावा व जेथें जरूर तेथें स्वतंत्र शाळा काढाव्यात, असा सल्ला दिला. सावधगिरी या शब्दाच्या आड पुष्कळ वर्षें गेलीं.

पुढची हालचाल लोकप्रतिनिधींनीं केली. 4 ऑगस्ट 1923 रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत ठराव आणला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा राखलेलीं पाणवठ्याचीं ठिकाणें, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कोर्टें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय. ठराव मंजूर झाला, सरकारनें तो अंमलासाठीं खात्यांकडे धाडला; महाड नगरपालिकेनें 1924 सालीं चवदार तळें खुलें केल्याचें जाहीरही केलें. तळ्याचें पाणी मात्र कोणी पिऊं शकलें नाहीं. म्हणून 1926 च्या ऑगस्टांत बोले यांनीं पुन्हां उठून, ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकलबोर्डें यांस सरकारनें अनुदान देऊं नये, अशी मागणी केली. दुखणें कोठें आहे तें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. पश्चिम खानदेशाच्या लोकलबोर्डासही हाच नियम लागू पडणार होता.

20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला! वाद दिवाणी कोर्टांत गेला आणि तळें वापरण्याचा अस्पृश्यांचा हक्क हायकोर्टांत 17 मार्च 1937 रोजीं शाबीत झाला. दहा वर्षें लागलीं, तीं एका तळ्यासाठीं.

राज्यघटनेनें 1950 सालीं हा सारा झगडा दोन वाक्यांत आणला. अंशतः जरी सरकारी पैशावर चालत असलें, तरी लोकांसाठीं ठेवलेल्या विहिरी, तळीं, घाट, रस्ते यांचा उपयोग जातीवरून नाकारतां येणार नाहीं, असें पंधरावें कलम सांगतें. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेंत धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून प्रवेश नाकारतां येणार नाहीं, असें एकोणतिसावें. अंशतः हा शब्द 1858 च्या हुकुमांतील पळवाट बुजवितो. 1955 च्या अस्पृश्यता-गुन्हे कायद्यांत अनुदान थांबविण्याची तरतूद आली. 1976 पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. पण येथेंही संस्थाचालकास शिक्षा झाल्यावर सरकार अनुदान थांबवूं शकेल, एवढेंच म्हटलें आहे. थांबवीलच, असें नाहीं.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर पैशाचा हा दुवाच ओलांडला. अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळेनेंही पहिल्या वर्गांत निदान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्यात, असें त्यानें ठरविलें. अल्पसंख्याकांच्या शाळा न्यायालयाच्या निर्णयानें यांतून सुटल्या. त्या मुलांच्या खर्चाची भरपाई ठराविक मर्यादेपर्यंत सरकार करतें. म्हणजे अनुदान नको म्हणणाऱ्या शाळेच्या तिजोरींतही सरकारी पैसा येतोच, फक्त तो आतां मुलाच्या मागून येतो.