शिरोडकर टाका : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण बाळंतरोगाचा इतिहास पाहिला. तो व्हिएन्नाचा होता. आज आपण मुंबईत येऊ.

चौथा-पाचवा महिना लागला, पोट दिसायला लागलं, आणि एके दिवशी फारशा कळा न येताच सगळं संपलं. एकदा नाही, तीन-चार वेळा. अशा बाईबद्दल आपल्याकडे काय बोललं जाई, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. 'हिची कूसच धरत नाही.' मग नवस, दृष्ट काढणं, उपासतापास. डॉक्टरकडे गेलीच तर सक्तीची विश्रांती आणि हार्मोनची औषधं. तरीही गर्भ टिकत नसे.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन आले आणि त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले. अशा बायका त्यांनी वारंवार तपासल्या. बाळात दोष नाही, बाईची प्रकृती उत्तम, मग बिघडतं कुठे? त्यांचं उत्तर होतं : गर्भाशयाच्या तोंडाशी.

आपण बटव्याचं उदाहरण घेऊ. नाडी सैल असली तरी बटवा रिकामा असेपर्यंत काही कळत नाही. आत वजन वाढलं की तोंड आपोआप उघडतं. काही स्त्रियांत गर्भाशयमुख असंच कमकुवत असतं. कधी जन्मतः, कधी आधीच्या बाळंतपणात इजा झाल्यामुळे.

अमेरिकेत १९५० मध्ये लॅश पितापुत्रांनी, असं नव्हे, लॅश आडनावाच्या दोन डॉक्टरांनी यावर शस्त्रक्रिया सुचवली होती. पण ती गर्भ नसताना करायची. शिरोडकरांनी गर्भवती असतानाच टाका घालायचं ठरवलं. योनीमार्गातून जाऊन, मूत्राशय अलगद वर सरकवून, गर्भाशयमुखाच्या आतल्या टोकाशी पट्टी आवळायची. ही पट्टी कुठली? त्याच बाईच्या मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची! १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियात मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपा टाका सांगितला. आज दोन्ही वापरात आहेत, आणि जगभरचे डॉक्टर 'शिरोडकर' हे नाव रोजच्या बोलण्यात घेतात.

इथे एक सावधगिरी हवी. हा टाका सगळ्या गर्भपातांवरचा इलाज नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बरेच गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे टाक्याचा उपयोग नाही. म्हणूनच आता आधीचा इतिहास विचारतात, सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजतात, आणि मग निर्णय घेतात. साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात टाका काढतात.

शिरोडकरांना १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ते गेले. पण आम्हाला त्यांचा मोठेपणा त्या पहिल्या प्रश्नात दिसतो. बाईचं नशीब, तिचा पायगुण, हे बाजूला ठेवून त्यांनी तिला तपासायला घेतलं. आजही गर्भ गेला की घरात पहिला प्रश्न येतो, 'हिने काय उचललं? काय खाल्लं?' तो विचारण्याआधी आपण ही सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आठवावी.

पुढच्या वेळी आपण सोनोग्राफीबद्दल बोलू.