काटा खोटें बोलतो तेव्हां

सोनाराच्या तराजूविषयीं शंका आली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाऊन खात्री करून घेऊं शकतें. विजेच्या मापनाची गोष्ट इतकी सोपी नाहीं. वीज डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तिचें बळ हातानें अजमावणें म्हणजे जिवाशीं खेळ. तिच्यासंबंधीं बोलणारा साक्षीदार एकच. तो म्हणजे यंत्रावरील काटा. हा साक्षीदारच खोटा ठरला तर सत्य कसें शोधावें? या प्रश्नाचें उत्तर ‘अव्होमीटर’ नांवाच्या एका प्रसिद्ध यंत्राच्या चरित्रांत सांपडतें.

विजेच्या काट्याचा जन्म १८२० सालचा. तारेंतून प्रवाह वाहूं लागतांच जवळची चुंबकसूची वळते, हें डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञानें त्या वर्षीं जगापुढें मांडलें. पुढें १८८२ मध्यें फ्रान्समध्यें दार्सोंव्हाल यानें ही योजना उलटी केली. लोहचुंबक त्यानें स्थिर ठेविला आणि त्याच्या दोन टोकांमध्यें तारेचें हलकें वेटोळें फिरतें ठेविलें. अमेरिकेंत एडवर्ड वेस्टन यानें १८८८ च्या सुमारास या रचनेस सुटसुटीत व भरंवशाचें रूप दिलें. तेव्हांपासून विजेचें माप घेण्याचें साधन कारागिराच्या हातीं आलें.

परंतु प्रवाहासाठीं एक यंत्र, दाबासाठीं दुसरें आणि रोधासाठीं तिसरें, असा पसारा बरोबर वागवावा लागे. लंडनमध्यें टपाल खात्याच्या कारखाने-विभागांत डोनल्ड मॅकॅडी नांवाचे अधिकारी होते. तारयंत्रें व टेलिफोन यांच्या दुरुस्तीस जातांना हें ओझें नकोसें होतें, हें त्यांनीं ओळखलें. अँपियर, व्होल्ट व ओहम या तिन्ही मापांना एकच काटा पुरावा, अशी त्यांची कल्पना. १९२३ मध्यें तसें यंत्र बाजारांत आलें, आणि तिन्ही मापांचीं आद्याक्षरें जोडून त्याचें नांव ‘अव्हो’ पडलें. आरंभीं तें केवळ एकाच दिशेनें वाहणाऱ्या, म्हणजे डी. सी. प्रवाहाचेंच माप घेई, ए. सी. प्रवाहाची सोय मागाहून झाली. त्याच घराण्यांतील ‘मॉडेल ८’ हें १९५१ मध्यें निघालेलें यंत्र सर्वांत अधिक गाजलें.

या यंत्राचें मर्म थोडक्यांत असें. अँपियरचा वीस हजारावा भाग एवढा प्रवाह मिळाला कीं काटा पार शेवटच्या खुणेपर्यंत जातो. अर्थात् प्रत्येक व्होल्टामागें वीस हजार ओहमांचा रोध वाटेंत ठेविला पाहिजे. दहा व्होल्टांस दोन लाख ओहम लागतात, शंभर व्होल्टांस वीस लाख, हजारांस दोन कोटी. सामान्यतः हे रोधक सांखळीप्रमाणें एकापुढें एक जोडलेले असतात, आणि जुन्या मीटराच्या रोगाचें निदान या सांखळीवरूनच होतें.

शंभर व्होल्टांसाठीं सांखळींत घातलेला अठरा लाख ओहमांचा रोधक वयोमानानें दहा टक्क्यांनीं वाढला, अशी कल्पना करावी. दहा व्होल्टांचें माप बिनचूक येईल, कारण तो प्रवाह या रोधकापर्यंत पोहोंचतच नाहीं. शंभर व्होल्टांच्या जागीं काटा सुमारें ९२ दाखवील. हजाराच्या जागीं मात्र ९९१ दाखवील, कारण तेथें दोन कोटींच्या राशींत ती वाढ बुडून जाते. शितावरून भाताची परीक्षा येथें लागू पडत नाहीं. एका ठिकाणचें माप कांहींच सांगत नाहीं. तिन्ही मापें शेजारीं मांडलीं कीं दोषी कडी आपोआप उघडी पडते.

हाच न्याय सर्वत्र लावावा. डी. सी. चीं सगळींच मापें सारख्याच प्रमाणांत कमी येत असतील, तर दोष सर्वांना सामाईक अशा भागांत, म्हणजे वेटोळ्यांत किंवा शक्ति मंदावलेल्या लोहचुंबकांत शोधावा. डी. सी. खरें आणि ए. सी. खोटें असेल, तर प्रवाहास एकाच दिशेस वळविणाऱ्या रेक्टिफायरवर संशय घ्यावा. ओहमांच्या मापाच्या वेळीं दोन्ही तारांचीं टोकें एकत्र जोडूनही काटा शून्यावर येत नसेल, तर बहुधा आंतील घटच संपलेला असतो. मॉडेल ८ मध्यें दीड व्होल्टाचा एक व मोठ्या रोधांसाठीं पंधरा व्होल्टांचा दुसरा असे दोन घट असतात. म्हणून केवळ मोठ्या रोधांचेंच माप अडलें, तर दुसरा घट तपासावा.

कधीं कधीं साक्षीदार खरा असतो, पण त्याच्या उपस्थितीनेंच प्रसंग बदलतो. एका बिंदूवर शंभर व्होल्टांचा दाब एक लाख ओहमांच्या रोधांतून येत आहे असें समजूं. तेथें व्होल्टामागें हजार ओहमांचा साधा मीटर शंभराच्या मापावर लावला, तर त्याचा स्वतःचा रोधही एक लाखच. दाब दोघांत निम्मा वांटला जाऊन काटा पन्नास दाखवितो. येथें मीटर निर्दोष आणि रेडिओही निर्दोष. तरी घाईचा कारागीर चांगला भाग उपटून टाकतो. मॉडेल ८ त्याच जागीं सुमारें ९५ दाखवितें. वीस हजार ओहमांचा खटाटोप कशासाठीं, तें यावरून कळतें.

यांत्रिक भाग मिळणें कठीण होत गेलें, आणि २००८ मध्यें या यंत्राचें उत्पादन थांबलें. तरी जुनीं यंत्रें जगभर अजून जपलीं जातात. तीं उघडतां येतात, तपासतां येतात, आणि दुरुस्त करतां येतात. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतां येते, त्याच्याच शब्दावर भरंवसा ठेवावा, एवढें शहाणपण हा लहानसा काटा शिकवून जातो.