सूर्यातील पिवळी रेषा आणि परमाणूची घडण

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून एक जागा दाखवितात. विजयदुर्ग आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. पण १९८१ पर्यंत तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता, तेव्हा त्याची कथा आपल्या घरचीच म्हणावयाची. लोक सांगतात की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या साहेबाने येथून दुर्बीण रोखली आणि हेलियम वायू शोधून काढला. ग्रहणाची छाया दक्षिण कोकणावरून गेली, हे खरे. परंतु लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. मग प्रत्यक्षात घडले काय?

छाया सह्याद्री ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट व फ्रेंच पंडित जान्सेन, मछलीपट्टणला पॉग्सन, असे निरीक्षक सज्ज होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश त्यांनी लोलकातून पाहिला. अखंड रंगपट्ट्याऐवजी सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची असावी, असे प्रथम वाटले. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी ग्रहणावाचूनच या रेषा पाहिल्या, आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेवर नेमकी बसत नाही, हे मोजमापांनी ठरविले. सूर्याच्या ग्रीक नावावरून नव्या मूलद्रव्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते रॅम्से यांच्या हाती लागले १८९५ साली, एका युरेनियमयुक्त खनिजातून.

पण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या का? चुलीच्या जाळावर मिठाची चिमूट टाकली की जाळ पिवळा होतो. तो सोडियमचा रंग. या प्रश्नाचे उत्तर परमाणूच्या पोटात होते. मध्यभागी इवलासा, जड अणुगर्भ असतो, हे रदरफर्ड यांनी १९११ मध्ये दाखविले. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितले की, त्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मोकळ्या असतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. वरच्या पायरीवरून इलेक्ट्रॉन खाली आला की दोहोंमधील फरकाइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. पायऱ्या निराळ्या, म्हणून रेषा निराळ्या.

आता ही माणसे घरात कशी बसतात, ते पाहू. पहिल्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ. एका जागी दोनांहून अधिक का नकोत, याचा नियम पाउली यांनी १९२५ मध्ये घालून दिला. हेलियमजवळ इलेक्ट्रॉन दोनच. त्याचे घर भरलेले. त्याला कोणाकडून काही घ्यावयाचे नाही, कोणाला द्यावयाचे नाही. म्हणून तो कोणाशी सहसा संयोग पावत नाही. सोडियमजवळ अकरा : दोन, आठ आणि बाहेर एकटा एक. तो एकटा सहज निघून जातो, म्हणून सोडियम पाण्यात पडताच भडकतो. क्लोरिनजवळ सतरा : दोन, आठ, सात. त्याला एकाची उणीव. देणारा आणि घेणारा भेटले की आपल्या ताटातले मीठ तयार होते. रसायनशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याने २, ८, १ हे आकडे नुसते पाठ करू नयेत. पदार्थाचा स्वभाव त्यांत लिहिलेला आहे.

लॉकियर विजयदुर्गास आले नव्हते, म्हणून कट्ट्यांची शोभा उणी होत नाही. ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली, एवढा मान पुरेसा आहे. मात्र मुलांना ते कट्टे दाखविताना जमखंडी, गुंटूर व मछलीपट्टण यांचीही नावे घ्यावीत. एका रेषेची जागा किंचित चुकते, एवढ्यावरून ज्या शास्त्राने नवे मूलद्रव्य ओळखले, त्याची कथा सांगताना आपणही तितकेच काटेकोर असले पाहिजे.