कातळ, साग आणि कारवी

भिवंडी तालुक्यातल्या डोंगरांवर मुक्कामासाठी केलेल्या जुन्या जागा शोधायला निघालं, तर पहिली सापडते ती बांधलेली नाहीच, कोरलेली आहे. लोनाडची बौद्ध लेणी साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचं नाही, एका ठिकाणी वर्षावास करायचा, हा संघाचा नियम. सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात न गळणारं छप्पर हवं असेल, तर डोंगराच्या पोटात शिरण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नव्हता. आज तिथे खांडेश्वरी देवीचं ठाणं आहे.

कातळ इथे मुबलक, पण तो फोडणं आणि घडवणं महागाचं. त्यामुळे तो देवांच्या आणि राजसत्तेच्या वाट्याला गेला. तालुक्यातली वज्रेश्वरी हे त्याचं ठळक उदाहरण. पोर्तुगीजांकडून वसई घेताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, असं सांगतात. मे १७३९मध्ये वसई पडली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी वडवलीच्या टेकाडावर देऊळ उभारलं. दगडी तटबंदी, वर नगारखाना, चढायला दगडी पायऱ्या. देवळापेक्षा गढीच वाटावी असा थाट. लढाईतून उठलेल्या माणसांनी बांधलेलं देऊळ असंच दिसणार! जवळच तानसा नदीच्या काठी अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं. तिथे येणाऱ्यांची सोय धर्मशाळांत व्हायची. डोंगरातल्या पाहुणचाराची ही आपली जुनी रीत: चार भिंती, ओटा आणि पाणी, बाकी शिधा ज्याचा त्याने आणायचा.

लाकडाची कथा निराळी. साग इथल्या जंगलातला, पण त्याला बाहेर गिऱ्हाईक मोठं. शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि दोन वर्षांतच पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण, पनवेल इथे जहाजं बांधली जात असल्याची काळजी उमटलेली दिसते. जहाजबांधणी भिवंडीत रुजली, कारण खाडी दारात आणि डोंगरात लाकूड.

पुढे १८५३ला रेल्वे ठाण्यापर्यंत आणि १८५४ला कल्याणपर्यंत आली, मुंबई वाढली, इमारती लाकडाची मागणी भडकली आणि सरकारने जंगलावर हात ठेवला. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या तोडायच्या की नाहीत, यावरून ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

सागावर पहारा बसला, पण घर तर बांधायचंच. वारली, कातकरी, मल्हार कोळी पाड्यांवर त्याचं उत्तर आधीपासून तयार होतं: कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारं हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळं एकदम, जांभळं फुलतं; बी पडलं की मरतं. सरळ, बोटाएवढ्या जाडीच्या तिच्या काठ्या म्हणजे भिंतीचा कच्चा माल. आधी जोतं घ्यायचं, ऐनासारख्या टणक लाकडाच्या मेढी पुरायच्या, वर आढं आणि वासे चढवायचे. मग कारव्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्हीकडून शेणमातीने लिंपायच्या. हा कूड. त्याच्यावर छपराचा भार नसतो, तो मेढी पेलतात. म्हणून कूड खराब झाला तर घर न पाडता तेवढाच बदलता येतो. छप्पर पेंढ्याचं, ऐपत असेल तर कौलांचं. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून वळचण चांगली खाली उतरवलेली. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर सपाट मंगलोरी कौलं कोकणभर पसरली आणि गावठी गोल कौलं मागे पडत गेली. सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेला वारली लग्नचौक पुढे जगभर गेला; कुडाचं नाव मात्र त्याच्यामागे कुणी घेत नाही.

डोंगरावर मुक्कामाची साहेबी तऱ्हा मात्र वेगळी. मे १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले आणि तिथे साहेबांची वस्ती सुरू झाली. भिवंडीच्या बुटक्या डोंगरांना ते भाग्य म्हणा वा दुर्भाग्य, लाभलं नाही. त्यांचा काळा दगड खाणींतून खडी होऊन शहरांत गेला, पायथ्याला पत्र्याची गोदामं आली आणि कुंडांभोवती सिमेंटची लॉज.

आता मात्र ‘स्थानिक साहित्यातलं’ निवासस्थान हवं असणारे लोक वाढू लागलेत. डहाणू तालुक्यातल्या मुरबाडची ‘डिझाइन जत्रा’ ही वास्तुरचनाकारांची संस्था वारली बांधणीचं ज्ञान घेऊन नव्या इमारतींवर काम करते. हौसेने कूड लावणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचारात घ्याव्यात. कूड दरवर्षी सारवावा लागतो, म्हणजे पाड्यावरच्या बायकांचा रोजगार बांधकामाच्या हिशेबातच धरायला हवा, शोभेच्या खर्चात नव्हे. दुसरं, काठ्या कुणाच्या? २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि काटक्या-झुडपांसकट गौण वनोपजावर जंगलातल्या रहिवाशांची मालकी मान्य केली आहे. तेव्हा कारवीचा सौदा ठेकेदाराशी करण्याआधी ग्रामसभेकडे जावं, आणि कारवी नुकतीच फुलून मेली असेल, तर नवी काठी भिंतीजोगी व्हायला काही वर्षं थांबायची तयारीही ठेवावी.