सौसरचे खडक आणि मातेचे रक्त

सौसर हे नाव आमच्या कोकणपट्टीतील फार थोड्या वाचकांनी ऐकले असेल. भूगर्भशास्त्रज्ञांना मात्र ते चांगले परिचित आहे. तेथील मँगनीजयुक्त खडकांच्या समूहाला त्यांनी हेच नाव दिले. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौसर हे मराठीभाषी तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथील भूमीच्या पोटात काय दडले आहे याचा शोध इंग्रजी अमदानीतच कसोशीने झाला. मातेच्या रक्तात काय दडले आहे हे विचारण्याची बुद्धी मात्र राज्यकर्त्यांना आणि समाजालाही फार उशिरा झाली.

बाळंतपणातील मृत्यू हा दैवाचा, नाहीतर सुईणीचा दोष मानला जाई. न्यायालयात आम्ही ज्याला पूर्ववृत्त म्हणतो, त्याची चौकशीच नसे. अशा चौकशीचा एक मोठा आरंभ मुंबईत झाला. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज विदुषी तेथे आली आणि गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या घातक पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. रोगाचे मूळ आहारातील उणिवेत निघाले. यीस्टच्या स्वस्त अर्काने रोगी स्त्रिया बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले.

परंतु सर्वच पांडुरोग अन्नाने हटत नाहीत. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा दोष आनुवंशिक आहे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक. वाहक स्त्रीचे बाळंतपण बहुधा सुखरूप होते. प्रत्यक्ष रोगी स्त्रीला मात्र तीव्र वेदना, फुप्फुसाचा विकार, वाढता रक्तदाब आणि अकाली प्रसूती यांचे भय असते. हा भेद न जाणता वाहक मुलीला 'रोगी' ठरवणे हा आमच्या मते उघड अन्याय होय. पत्रिकेतील छत्तीस गुण पाहणाऱ्यांनी दोन्ही पक्षांचे रक्तही पाहावे. त्याला तर मुहूर्तही लागत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याआधी, २०१६ पासून, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होऊ लागली. रक्तदाब, हिमोग्लोबिन, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया, इतके जरी वेळेवर कळले तरी कोणत्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयाजवळ ठेवावे, कोणासाठी रक्ताची तजवीज करावी, हे आधी ठरते.

येथे आमची एक जुनी रीत आड येऊ शकते. पहिले बाळंतपण माहेरी. पांढुर्ण्याची लेक काटोलला किंवा वरुडला दिलेली असते. सात महिने तपासणी महाराष्ट्रात होते आणि प्रसूतीसाठी ती मध्य प्रदेशात येते. ओटीभरणानंतर तिची पिशवी भरताना तो तपासणीचा कागद लुगड्यांच्या घडीत सर्वांत वर ठेवलेला असावा.